आयनांच्या माऱ्याने सिलिकॉनचा स्फटिक किती मोडला, हे कसे तपासावे

मारा करून झाला, एक्स-रे डिफ्रॅक्शन काढले, आणि आलेख जसाच्या तसा! ‘काहीच झाले नाही’ असे लिहून टाकण्याआधी खोली पाहा. १०० केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचा आर्गॉन आयन सिलिकॉनमध्ये साधारण ०.१ मायक्रॉनवर थांबतो. एक्स-रे मात्र कित्येक मायक्रॉन खाली जातात, त्यामुळे मोडका थर खालच्या शाबूत स्फटिकात हरवून जातो.

१. आधी हिशेब. एसआरआयएम या आयन किती खोल जातो आणि किती इजा करतो याचा हिशेब करणाऱ्या संगणक प्रोग्रॅममध्ये आयन, ऊर्जा आणि ७ अंशांचा कल भरा. सरळ मारा केला तर आयन अणूंच्या रांगांमधल्या बोळातून खोल निसटतात. (हा प्रोग्रॅम लक्ष्य अस्फटिकी धरतो, त्याला या बोळांची कल्पना नसते.) सिलिकॉनचा अणू जागचा हलवायला १५ ईव्ही धरतात. दर आयनामागे दर अँगस्ट्रॉमला १ रिकामी जागा पडत असेल, तर १०^१४ आयन प्रति चौ. सेंमी.ला १०^८ × १०^१४ ÷ (५ × १०^२२) = ०.२ डीपीए (दर अणूमागे विस्थापने; १०^८ म्हणजे एका सेंमी.तले अँगस्ट्रॉम, ५ × १०^२२ म्हणजे एका घन सेंमी.तले सिलिकॉनचे अणू), म्हणजे सरासरी दर पाच अणूंमागे एक जागचा हललेला.

२. तुकडे. एकाच वेफरचे १ सेंमी × १ सेंमीचे सहा तुकडे कापा. एक कोरा राखा. त्याच्याशिवाय तुलनाच नाही. ॲसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्रत्येकी ५ मिनिटे अल्ट्रासोनिकमध्ये. खूण मागच्या बाजूला करा. पुण्याहून दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरला बीम टाइमसाठी (आयनांचा झोत वापरायला मिळालेल्या वेळेत) न्यायचे असतील, तर कापसात गुंडाळू नका, तंतू चिकटतात. झाकणाच्या वेफर बॉक्समध्ये न्या. होल्डरवर लावलेली सिल्व्हर पेस्ट पुरती वाळू द्या, नाहीतर निर्वात तासन्‌तास बसत नाही.

३. मारा. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. एकपट भाराच्या आयनांचा १ मायक्रोॲम्पियर प्रवाह म्हणजे सेकंदाला ६.२५ × १०^१२ आयन. तेवढाच प्रवाह दर चौ. सेंमी.वर पडत असेल, तर १०^१३ फ्लुअन्स (दर चौ. सेंमी.वर पडलेले एकूण आयन) १.६ सेकंदांत संपतो आणि शटर उघडण्या-मिटण्यातच मोठी चूक होते. प्रवाह ०.१ मायक्रोॲम्पियरवर आणा: १०^१३ ला १६ सेकंद, १०^१५ ला सुमारे २७ मिनिटे. सगळ्या तुकड्यांना तोच प्रवाह ठेवा, कारण माऱ्याचा वेग बदलला की त्याच फ्लुअन्सला इजा वेगळी होते. फॅराडे कपवर (प्रवाह मोजणाऱ्या धातूच्या कपावर) दुय्यम इलेक्ट्रॉन आत रोखणारे सप्रेशन व्होल्टेज हवेच. ते नसेल तर निसटणाऱ्या दुय्यम इलेक्ट्रॉनांमुळे प्रवाह जास्त दिसतो आणि नमुन्याला मात्र कमी आयन मिळतात. आयन दुप्पट भाराचा असेल, तर प्रवाहावरून आलेल्या आयनांच्या आकड्याला २ ने भागा.

४. मोजणी. रामन मोजणीसाठी (विखुरलेल्या लेसर प्रकाशावरून अणूंची कंपने ओळखण्यासाठी) ४०५ नॅनोमीटरचा लेसर घ्या. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा सुमारे १ मायक्रॉन खाली जातो आणि खालच्या स्फटिकाचे ५२० प्रति सेंमी.चे टोक दाखवतच राहतो. इजा वाढेल तसे ५२० चे धारदार टोक खचते, रुंदावते. शेवटी ४८० जवळ बसका उंचवटा उरतो, म्हणजे थर अस्फटिकी झाला. सोय असेल तर रदरफोर्ड बॅकस्कॅटरिंग-चॅनेलिंग (अणूंच्या रांगांच्या दिशेने आयन सोडून मागे उसळलेले मोजणे) करा. इजा कोणत्या खोलीवर किती, हे ते थेट सांगते.

५. तापवून पाहा. नायट्रोजनमध्ये ६०० अंश सेल्सियसला अर्धा तास. खालच्या स्फटिकाच्या आधाराने थर पुन्हा रचला जातो, पण अडकलेला आर्गॉन ही वाढ रोखतो. म्हणून मोठ्या फ्लुअन्सच्या तुकड्यात ५२० चे टोक परतले तरी कोऱ्या तुकड्याइतके धारदार होईलच असे नाही.