एकाला बॉम्ब दिसतो, बाकीच्यांना पुस्तिका: मुलांना मिळून खेळायला लावणारा गेम

"मिळून खेळा" असं नुसतं सांगून मुलं मिळून खेळत नाहीत. चपळ मूल कंट्रोलर धरतं आणि बाकीची बघत बसतात. म्हणून एकट्याला सुटणारच नाही असा गेम निवडा. 'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स' (2015) तसा आहे. बॉम्ब फक्त एकाला दिसतो, तो निकामी करायची पुस्तिका बाकीच्यांकडे. एकमेकांचं बघायचं नाही, बोलायचं.

गेमची एक प्रत आणि एक लॅपटॉप पुरतो. 23 पानांची पुस्तिका फुकट मिळते. ती छापा, पण पिना मारू नका. सुटी पानं तिघांत वाटा आणि ज्याचं पान त्यानेच बोलायचं ठरवा. एरवी मोठ्या आवाजाचं मूल सगळी पानं ओढून घेतं.

पहिल्या बॉम्बला 3 मॉड्यूल, म्हणजे बॉम्बवरची सोडवायची वेगवेगळी कोडी, आणि 5 मिनिटं असतात. तिसऱ्या चुकीला स्फोट होतो, आणि आधीच्या प्रत्येक चुकीने घड्याळ जोरात पळू लागतं, त्यामुळे अंदाजपंचे वायर कापणं महागात पडतं. सुरुवातीलाच बॉम्बवरचा सीरियल नंबर आणि बॅटऱ्या किती ते सांगून टाकायचं. ते पुढे लागतंच.

वायरच्या मॉड्यूलमध्ये वायर वरून खाली मोजा. तीन असतील आणि लाल एकही नसेल, तर दुसरी कापायची. पुस्तिकेतला जो नियम आधी लागू पडला तिथेच थांबायचं. मुलं पुढचेही वाचत जातात आणि शेवटचा धरतात, तिथे चुकतात.

खरी मजा चिन्हांच्या मॉड्यूलमध्ये. बॉम्बवर चार चिन्हं. पुस्तिकेत सहा उभ्या रांगा, प्रत्येकीत सात. चारही ज्या रांगेत सापडतील, तिच्या क्रमाने वरून खाली दाबायची. "उलटं प्रश्नचिन्ह" लगेच कळतं. नुसतं "तारा" म्हटलं की घोटाळा, कारण एक तारा पोकळ आहे आणि एक भरीव. वेटोळ्या चिन्हांना गटाने स्वतःची नावं द्यावीत, "जिलेबी" चालेल, आणि ती कागदावर लिहून ठेवावीत.

इंग्रजी शब्दांच्या मॉड्यूलमध्ये सारख्या उच्चाराचे शब्द मुद्दाम घातलेत. तिथे शब्द उच्चारू नका, एकेक अक्षर सांगा; अपॉस्ट्रॉफी असेल तर तीही.

प्रत्येक बॉम्बनंतर जागा बदला. सलग दोनदा स्फोट झाला, तर फ्री प्ले मोडमध्ये मॉड्यूल कमी करून वेळ वाढवा.