‘सहावा लागला’ आणि ‘सहा झाले’ यात एक महिना असतो: बाळाला वरचं सुरू करताना या चुका टाळा

माझ्या मोठ्याला पहिला चमचा मिळाला तो त्याच्या भुकेने नाही, माझ्या रजेच्या हिशेबाने. कायद्याने २६ आठवडे मिळतात, पण त्यातले पाच बाळंतपणाआधीच गेले होते. ऐरोलीच्या ऑफिसात हजर व्हायचं तेव्हा तो पाच महिन्यांचाही नव्हता. ‘आत्तापासून सवय लावली की नंतर जड जाणार नाही’ म्हणून साडेचार महिन्यांना नाचणीची पेज सुरू केली. तो ती जिभेने बाहेर ढकलायचा, मी हनुवटीवरून चमच्याने निपटून परत तोंडात घालायची. पंधरा दिवस हेच. हाती काय लागलं? खडा झालेली शी आणि चमचा दिसला की भोकाड.

आता घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत कुणाचं बाळ चार-पाच महिन्यांचं झालं की ती आई लिफ्टमध्ये मला गाठते. मी डॉक्टर नाही, पण चुका त्याच त्याच असतात, आणि त्यातल्या बऱ्याच मी करून बसले आहे.

महिने मोजण्यातली गफलत

पहिली चूक आपल्या भाषेतच आहे. बाळाचे पाच महिने पूर्ण झाले की आपण म्हणतो, ‘सहावा लागला’. ऐकणाऱ्याला वाटतं, झालं, सहा महिन्यांचं झालं, आता वरचं द्या. इथेच एक महिना गळतो. सहा महिने म्हणजे सहा पूर्ण, साधारण १८० दिवस. बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर कोणत्या तारखेपासून मोजायचं ते डॉक्टरांनाच विचारा; तिथे नुसती जन्मतारीख चालत नाही.

‘आम्ही तर चौथ्यातच सुरू केलं होतं’ म्हणणाऱ्या आजीशी भांडू नका. ती खोटं बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला २००१पर्यंत चार ते सहा महिन्यांचाच होता. आपल्याकडे बाळाच्या डबाबंद खाण्याच्या विक्रीवर १९९२मध्ये आलेल्या कायद्यातही शिशुआहार ‘चार महिन्यांनंतरचा’ म्हटला होता, तो २००३च्या दुरुस्तीत सहा झाला. नव्वदच्या दशकात ज्यांनी मुलं वाढवली, त्यांनी त्या वेळच्या डॉक्टरांचं ऐकलं. सासूबाईंना मी हे असं सांगितलं आणि तो वाद तिथेच मिटला. (मऊभातात मीठ घालायचं की नाही, हा मात्र अजून चालू आहे.)

भूक नसलेल्या गोष्टीला भूक समजणं

चौथ्या-पाचव्या महिन्यात बाळ मूठ चोखतं, लाळ गाळतं, आपल्या ताटाकडे टक लावून बघतं आणि रात्री पुन्हा दोन-तीनदा उठायला लागतं. घरातले सगळे एका सुरात म्हणतात, दूध पुरत नाही. पण त्या वयात सगळं तोंडात घालायचंच असतं, झोपेची घडीही बदलत असते. आणि ताटाकडे काय, ते पंख्याकडेही तसंच बघतं. पेज पाजली की रात्रभर झोपेल या आशेवर मीही होते. तो आधी दुधासाठी उठायचा, पेजेनंतर पोट दुखलं म्हणून उठायला लागला.

दूध पुरतंय का, हे बघायचे मार्ग वेगळे आहेत. दिवस-रात्र मिळून सहा किंवा जास्त वेळा शू होते का? डायपरमध्ये कळत नाही, म्हणून एक दिवस लंगोट बांधून मोजा. लसीकरणाच्या कार्डावरची वजनाची रेघ चढती आहे का? दोन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर बाळाचं पोट भरतंय. ‘नाही’ असेल तर डॉक्टरकडे जा. त्यावर इलाज म्हणून घरच्या घरी पेज सुरू करू नका.

मग तयारी ओळखायची कशी? तीन गोष्टी एकत्र दिसायला हव्यात. मान डुगडुगत नाही. आधार देऊन बसवलं की बाळ पोत्यासारखं एका बाजूला कलंडत नाही. आणि जीभ चमच्याला बाहेर ढकलत नाही. तिसरी गोष्ट घरी बघता येते: बाळाला मांडीत ताठ बसवा, धुतलेला रिकामा छोटा चमचा खालच्या ओठाला टेकवा. जीभ आडवी येऊन चमचा ढकलत असेल तर चार दिवसांनी परत बघा. दात येणं यात कुठेच बसत नाही, बिनदाताचं बाळ हिरड्यांनी मऊभात मजेत खातं.

ठाण्याचा उकाडा आणि पाण्याचा चमचा

एप्रिल-मेमध्ये प्रत्येक पाहुणा विचारतो, ‘एवढ्या घामात पाणी नाही देत?’ अंगावरचं दूध मुख्यतः पाणीच असतं. उकाड्यात बाळ जास्त वेळा पितं, त्यात त्याची तहान भागते. सहा महिन्यांआधी पाण्याने नुसतं पोट भरतं आणि तेवढं दूध कमी जातं.

माझ्यासारखी रजा संपत असेल तर उपाय पेज नाही, काढून ठेवलेलं दूध आहे. धाकटीच्या वेळी मी सकाळी डबा भरण्याआधी दूध काढून फ्रिजमध्ये ठेवायची, आई ते वाटी-चमच्याने पाजायची. फ्रिजबाहेर ते चार तासांच्या वर ठेवू नका, मे महिन्यात त्याहूनही कमी. गॅसवर उकळू नका, कोमट पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवली की पुरे. पहिले चार दिवस आईने मला दर तासाला फोन केला, पाचव्या दिवशी मीच केला तर म्हणाली, ‘झोपू दे गं तिला.’

उष्टावणासाठी थांबणं

उशीर हीसुद्धा चूकच, पण तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. मुलाचं उष्टावण सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात. त्यात मुहूर्त, हॉल आणि मामाची सुट्टी. सहावा हुकला की मुलगा थेट आठव्यावर जातो. इकडे जन्मताना बरोबर आणलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या आसपास संपत आलेला असतो आणि दुधातून लोह फारच कमी मिळतं. घरात वेळेवर सुरू करा, समारंभ मामाच्या सोयीने होऊ दे. मामाला काय कळणार आहे!

समारंभात खीर अंगठीने चाटवताना मध मात्र नको. वर्षाच्या आत मधाचं एक बोटही नको, गुटीतही नको. मधात कधीकधी असणारे जंतू या वयाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात, त्याने बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. मध उकळूनही ते मरत नाहीत.

वरणाचं पाणी

वेळेवर सुरू करूनही वजन अडतं, त्याचं कारण बहुतेक वेळा या वाटीत सापडतं. वरणाचं निवळ, भाताची पाणीदार पेज, सफरचंदाचा रस. पोट इवलंसं, ते पाण्यानेच भरलं तर बाकी काय जाणार? अंगावर पिणाऱ्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या खाण्यातून दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात. चमचा तिरका केल्यावर खाणं घरंगळून पडलं तर ते पातळ आहे. गुरगुट्या भात आणि घट्ट वरण कुस्करून, वर थोडं तूप, लोह अंगी लागावं म्हणून लिंबाचे दोन थेंब. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. मीठ-साखर नको, म्हणून मेतकूटही थांबू दे.

नाचणी द्यायची तर जांभळी नाक्यावरून अख्खी आणा, भिजवून मोड काढा, सावलीत वाळवून, भाजून दळा. मोड आलेल्या पिठाची पेज शिजल्यावर कमी घट्ट होते, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ बसतं. रेडीमेड डब्याची गरज पडत नाही.

अंडं आणि शेंगदाणा ‘ॲलर्जी होईल’ म्हणून वर्षभर लांबवायची गरज नाही. पूर्ण उकडलेलं अंडं, दाण्याचं बारीक कूट पेजेत कालवून, एका वेळी एकच नवीन पदार्थ, आणि तो सकाळी, म्हणजे अंगावर काही उठलं तर दिवसा कळतं. बाळाला आधीच इसब जास्त असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. अख्खा दाणा मात्र कधीच नाही.

आधीच सुरू करून बसला असाल तर

बाळ पाच महिन्यांचं आहे, चमचा ढकलतंय, शी कडक झाली आहे: बंद करा, परत दुधावर या. काही बिघडत नाही. मोठ्याचं मी तसंच केलं, तीन आठवडे चमचा नजरेआडच ठेवला. धाकटीने सहा महिने पूर्ण झाल्यावरही पहिले तीन दिवस वरणभात थुंकला, चौथ्या दिवशी दीड चमचा गिळला आणि वाटीत हात घातला.

ती ओकल्यासारखं करून खोकली तेव्हा मी धावले होते. आवाज करत खोकणारं बाळ बहुतेक वेळा स्वतःच घास पुढे आणतं, त्याच्या तोंडात बोट घालू नका. आवाज बंद होऊन चेहरा निळसर पडला तर घास खरंच अडकला आहे. बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून धरायचं आणि पाठीवर खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच थापा मारायच्या. त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी १०८ला फोन लावायचा. पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांकडून हे एकदा करून घ्या, आणि आजीलाही बरोबर न्या, कारण दिवसभर चमचा तिच्याच हातात असतो.