पर्माफ्रॉस्टचा नकाशा करताय? या चुका टाळा

'हितं बेळगावात बसून कसला बर्फ शोधतोस रे?' शेजारचे काका भेटतील तेव्हा विचारतात. लडाखचा, काका. पण पर्माफ्रॉस्टच्या नकाशात बर्फ शोधणं हीच पहिली चूक. सलग २ वर्षं शून्य अंशावर किंवा त्याखाली राहिलेली जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट. मग तो बर्फाचा कणही नसलेला कोरडा खडक का असेना. नकाशात जमिनीतल्या बर्फाचा थर वेगळा ठेवा, हिमनद्यांचा त्याहून वेगळा.

दुसरी चूक माझीच. मोडिस या उपग्रहावरच्या संवेदकाचं पृष्ठतापमान घेतलं, वर्षाची सरासरी काढली, शून्याखालचं सगळं निळं रंगवलं. नकाशा देखणा झाला आणि पहिल्याच सादरीकरणात आडवा पडला. उपग्रहाला जमिनीची फक्त कातडी दिसते, तीही आभाळ मोकळं असेल तर. हिवाळ्यात दिसतो तो बर्फाचा वरचा थर. जाड बर्फाखालची जमीन गोधडीत असल्यासारखी ऊब धरून असते. शिवाय मोडिसचा एक चौकोन १ किलोमीटरचा. डोंगराची उन्हाची आणि सावलीची बाजू त्यात एकत्र कालवली जाते. आपला दिवाळीचा किल्ला आठवा: दक्षिणेकडची माती दुपारीच तडकते, उत्तरेच्या पायथ्याशी बोट खुपसलं तर दुसऱ्या दिवशीही चिखल लागतो. म्हणून ३० मीटरच्या चौकोनांचं उंचीचं प्रतिमान (प्रत्येक चौकोनाची उंची सांगणारी फाइल) घ्या आणि उताराची दिशा, पोचणारं ऊन त्यावरून काढा.

उतार सगळीकडे ९० अंशांच्या आसपास आला? प्रतिमान अक्षांश-रेखांशात राहिलंय: आडवं अंतर अंशात, उंची मीटरमध्ये. यूटीएममध्ये, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्या. बेळगाव आणि लेह दोन्ही ४३ उत्तर पट्ट्यातच येतात, तेव्हा आपली नेहमीची सेटिंग चालते. मात्र ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला पट्टा ४४.

रॉक ग्लेशियर (उतारावरून जिभेसारखा सरकत आलेला दगडगोट्यांचा ढीग) दिसला की खाली पर्माफ्रॉस्ट, असं धरू नका. पुढचा उतार खडा आणि ताज्या दगडगोट्यांचा असेल तर आत बर्फ असण्याची शक्यता. अंग खचून खड्डे पडलेला असेल तर तो बहुधा जुना अवशेष.

प्रत्यक्ष मोजणीत सळ्या रोवून जमिनीत वीज सोडली आणि विद्युतरोध भरमसाट आला की पोरं 'बर्फ, बर्फ' म्हणून नाचतात. दगडांमधली हवाही तेवढाच रोध दाखवते. आधी सळ्यांशी मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज लावा, म्हणजे जमिनीशी संपर्क नीट होतो. मग हातोडा मारून कंपनांचा वेग मोजा: बर्फात सेकंदाला सुमारे ३,५०० मीटर, हवेत जेमतेम ३३०.

आल्प्समधला नियमही डोळे झाकून उचलू नका. तिथे हिवाळ्याच्या अखेरीस बर्फाच्या तळाशी उणे ३ अंशांहून कमी तापमान भरलं तर पर्माफ्रॉस्टची दाट शक्यता धरतात, पण त्यासाठी वर साधारण ८० सेंटिमीटर बर्फ टिकून असावा लागतो. लडाखच्या कोरड्या उतारांवर अनेकदा तेवढा साचतच नाही. तिथे तापमापक पुरून २ वर्षं वाट बघायची.