रोलप्लेइंग गेमच्या टेबलासाठी पार्श्वसंगीत निवडताना

शब्द असलेलं गाणं नकोच. गाण्याचे बोल आणि गेम मास्टरचं, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणाऱ्याचं, वर्णन एकदम कानावर पडलं की खेळाडूंना दोन्ही अर्धवट कळतं. गाजलेल्या सिनेमाची धूनही टाळा. ती ओळखू आली की मन त्या सिनेमात जातं आणि तुमच्या गोष्टीतली गुहा मागे राहते.

सुरुवातीला चार प्लेलिस्ट पुरतात: प्रवास, गावातली वर्दळ, दबा धरलेला ताण आणि लढाई. प्रत्येकीत अर्ध्या-पाऊण तासाचं वाद्यसंगीत भरा. लढाईची मात्र तासाभराची हवी. डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग गेममधली, गोष्टीतल्या ६ सेकंदांची एक फेरी टेबलावर सहज १० मिनिटं खाते, आणि तोच दोन मिनिटांचा ढोल पाचव्यांदा वाजला की डोकं उठतं.

प्रत्येक तुकडा शेवटपर्यंत ऐकूनच घ्या. हळुवार सुरू होऊन तिसऱ्या मिनिटाला अचानक तुताऱ्या फुंकणारं संगीत कुजबुजीच्या प्रसंगाची पार वाट लावतं. क्रॉसफेड, म्हणजे एक तुकडा विरत दुसरा सुरू होण्याचा वेळ, ५ ते ८ सेकंद ठेवा, फोनची नोटिफिकेशन बंद करा.

स्पीकर टेबलावर नको, नाहीतर जवळच्याच्या कानठळ्या बसतात. मागे भिंतीशी ठेवा. मग एका टोकाहून कोणी हळू आवाजात वाक्य म्हणावं. दुसऱ्या टोकाला शब्दन् शब्द कळेपर्यंत आवाज उतरवत जा.

आणि सगळा वेळ काहीतरी वाजलंच पाहिजे असं नाही. गोष्टीतलं बंद दार उघडण्याआधी संगीत हळूहळू मिटवा. त्या शांततेत फासा टेबलावर गडगडताना ऐकू येतो, तेव्हा सगळे आपोआप पुढे झुकतात.