साकार, मूर्त, रूप, प्रतीक: दिसत नसलेली गोष्ट शब्दात दाखवायची तर कुठला शब्द कुठे घालायचा

शिगमो, म्हणजे आमच्या गोव्यातला शिमगा, जवळ आला की आमच्या वाड्यावर चित्ररथाचं निवेदन लिहायचं काम माझ्याकडे येतं आणि पोरं जो कच्चा मसुदा आणून देतात त्यात एक वाक्य ठरलेलं असतं, 'या चित्ररथातून एकतेचा संदेश साकारण्यात आला आहे'. आता संदेश देतात, पोचवतात, तो साकारत नाहीत. साकारायची असते ती एकता, आणि तीसुद्धा चित्ररथावर खरंच काहीतरी दिसत असेल तरच. पोरांची मेहनत महिनाभराची असते, रात्री जागून जागून केलेली, आणि मग शब्दच ढिला पडला की मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हे लिहितोय. चवथीचा, म्हणजे गणेशचतुर्थीचा देखावा असो, दिवाळीतली नरकासुराच्या पुतळ्यांची स्पर्धा असो नाहीतर शाळेचा निबंध, सगळीकडे चालेल.

सगळ्यात आधी शब्द शोधायला जाऊ नका. आधी एवढंच बघा की डोळ्याला नक्की काय दिसतंय, अख्खं शरीर, नुसता चेहरा, की फक्त एखादी खूण? शब्द त्यावर ठरतो.

'साकार' हा निराकारच्या उलटचा. ज्याला आकारच नव्हता ते बघता येईल असं झालं की साकार झालं, म्हणून रांगोळी, देखावा, नाटकातली भूमिका यांना साकारणं शोभतं. 'मूर्त' हा अमूर्तच्या उलटचा, पण त्याची चव वेगळी आहे. या शब्दाच्या मुळाशी जो संस्कृत धातू आहे त्यात गोठणं, घट्ट होणं असा अर्थ आहे, म्हणजे दुधाचं दही लागावं तसं. त्यामुळे पातळ, हवेतला बेत पक्का होऊन प्रत्यक्षात उतरला की तिथे मूर्त. 'गावच्या तळीचा गाळ काढायचा बेत यंदा मूर्त रूपात आला' हे बरोबर, पण 'मुलीने झाशीची राणी मूर्त केली' म्हटलं की कानाला खटकतं, तिथे साकारलीच पाहिजे.

आकार आणि रूप यातला फरक समजायचा तर चवथीच्या आधी चित्रशाळेत जाऊन तासभर नुसतं बसा. मातीचा गोळा असतो, मग पोट येतं, सोंड येते, तोपर्यंत मूर्ती आकार घेत असते, आणि शेवटी डोळे रेखाटले की रूप येतं, समोर बसलेली माणसं आपोआप गप्प होतात. म्हणून काम अजून चालू असेल तर 'आकार घेतंय' लिहा आणि पूर्ण होऊन त्याला स्वतःचा चेहरा आला असेल तर 'रूप आलं' लिहा. आपल्याकडचा चितारी आणि चितारणं हे क्रियापद एकाच घरातले, तेव्हा रंगात केलेल्या कामाला बिनधास्त चितारलं म्हणा, प्रत्येक ठिकाणी साकारलं कशाला.

मूर्ती आणि पुतळा यांची गल्लत तर अजिबात करू नका. देवाची मूर्ती, माणसाचा पुतळा, आणि जाळायचा तोही पुतळाच. नरकासुराची मूर्ती असं कुणी लिहिलेलं मला बघवत नाही. 'मूर्तिमंत' मात्र गुणाला लागतो, चांगल्या आणि वाईट दोन्ही, मूर्तिमंत माया, मूर्तिमंत आळस, म्हणजे तो गुणच जणू माणूस होऊन समोर उभा राहिला.

आता जरा नाजूक मुद्दा. सांतेरी ही देवी आपल्याकडे रोयणीच्या, म्हणजे वारुळाच्या रूपात पूजली जाते. बाहेरून बघणारा लिहितो की वारूळ हे देवीचं प्रतीक आहे. अभ्यासाच्या लेखात ते चालेल, पण जी बाई तिथे फुलं घालते तिच्यासाठी ती खूण नाहीये, ती साक्षात देवी आहे. साक्षात या शब्दात अक्ष म्हणजे डोळा बसलेला आहे, तसाच तो प्रत्यक्षमध्येही आहे. प्रतीक म्हटलं की वस्तू आणि तिचा अर्थ वेगळे झाले, साक्षात म्हटलं की दोन्ही एक. कुणाच्या नजरेतून लिहिताय ते ठरवा आणि मगच शब्द घाला.

पणजीत जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियाचा, म्हणजे संमोहनाचा अभ्यास करणाऱ्या गोव्याच्या पाद्रीचा पुतळा आहे, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी केलेला, 1945 चा. येता जाता सगळे बघतात, पण या विषयासाठी त्याच्यासमोर पाच मिनिटं थांबा. संमोहन ही काही दिसणारी वस्तू नाही, ना दोरी ना धूर, तरी फारियाचे पुढे आलेले हात आणि मागे कलंडणारी ती बाई यांच्यामधल्या मोकळ्या जागेत आपल्याला ती शक्ती दिसते! तेव्हा 'शिल्पकाराने संमोहन साकारलंय' हे वाक्य अगदी चोख. पण 'फारियाचा विचार मूर्त केलाय' असं मी लिहिणार नाही, कारण 1756 साली कांदोळीत जन्मलेल्या या माणसाचं म्हणणंच उलट होतं, संमोहन करणाऱ्याच्या हातातून कसलीही चुंबकशक्ती निघत नाही, जे घडतं ते समोरच्याच्या स्वतःच्या मनात, सूचनेमुळे आणि एकाग्रतेमुळे घडतं. पुतळ्यात मात्र सगळं बळ हातात दिसतं. शिल्पकाराचा दोष नाही हो, मनात घडणारं तो दगडधातूत दाखवणार तरी कसं, पण लिहिणाऱ्याने ही फट ओळखायला हवी, की दिसतंय ते नक्की कशाचं रूप आहे, घटनेचं की विचाराचं.

'आविष्कार' जपून वापरा, हिंदीत त्याचा अर्थ शोध असा होतो आणि आपली पोरं हिंदी ऐकून तसंच लिहितात, मराठीत आविष्कार म्हणजे आतलं बाहेर प्रकट होणं, कलाविष्कार म्हणतो ना तसं. व्यक्त करणं आता बहुतेक बोलण्यापुरतंच उरलंय. आणि काहीच सुचलं नाही तर 'डोळ्यासमोर उभं केलं' लिहा, आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना कळतं आणि कुठेही कमी पडत नाही.

तर त्या चित्ररथाचं काय केलं ते सांगतो. मी पोरांना विचारलं, रथावर आहे काय? म्हणाले रापण आहे, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायची मासेमारी, दोन्ही बाजूला माणसं दोर ओढताहेत, मध्ये जाळं. मग एकता आणि संदेश दोन्ही शब्द खोडले आणि निवेदकाला लिहून दिलं, 'एकट्याला न ओढवणारं हे जाळं बघा, आणि त्या दोरावर किती हात आहेत ते मोजा.' लोक खरंच मोजायला लागले.