जुनी बिल्डिंग रिपेअर करायचीय? आधी हे बघा

कंत्राटदाराला बोलवायच्या आधी इंजिनिअरकडून स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी, करून घ्या, आणि बिल्डिंगचा वापर बदलणार का हे ठरवा, कारण घराचं ऑफिस किंवा क्लिनिक केलं की बऱ्याच ठिकाणी जिने, आग, बाहेर पडायचे रस्ते यासाठी आजचे कडक नियम लागू होतात, नुसत्या डागडुजीला सहसा एवढं लागत नाही.

काँक्रीटचा तुकडा ताजा फोडून त्यावर फिनॉल्फथॅलीन (अल्कली असेल तर गुलाबी होणारं रसायन) मारायला सांगा. गुलाबी झालं तर ठीक, रंग आलाच नाही तर तिथलं काँक्रीट कार्बोनेट झालंय, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने सळीला गंजापासून वाचवणारी त्यातली अल्कली संपलीय, आणि हे सळीपर्यंत पोचलं असेल तर सळीला गंज धरायला वेळ लागत नाही. गंजलेली सळी फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते, म्हणून भेगेवर नुसतं प्लास्टर मारणं म्हणजे पैसे पाण्यात! सैल काँक्रीट काढा, सळीच्या मागून पण, गंज पूर्ण घासा, मगच भरा.

चुन्यातल्या जुन्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर तर अजिबात नको, ओल आत अडकते, चुनाच वापरा.

आणि प्लीज, टेकू लावल्याशिवाय कॉलम किंवा बीम फोडू देऊ नका, माणसं राहतात हो वर.