आधी मजकूर, मग डिझायनर, मग कार्ड

पुण्यातल्या छापखान्यांसाठी प्रुफं तपासण्यात माझं आयुष्य गेलं. त्यामुळे नात्यात लग्न ठरलं की हॉल आणि केटररवरून वाद होतात, पत्रिका मात्र बिनबोभाट माझ्याकडे येते. हल्ली ती फोनवर येते, सोनेरी मोर आणि गुलाबी कमळांसकट. खाली ओळ असते, "काका, फक्त एक नजर टाका, आज छपाईला द्यायचीय." एका नजरेत पत्रिका तपासून होत नाही, बाळांनो. म्हणून हे सविस्तर.

लोक आधी कार्ड निवडतात, मग डिझायनर गाठतात, आणि मजकूर सगळ्यात शेवटी घाईघाईत सांगतात, तोही फोनवर. उलट करा. दोन्ही घरांनी बसून मजकूर आधी पक्का करा: कुणाच्या नावामागे कै. लागतं, आईचं नाव कुठे येणार, निमंत्रकांत कोण कोण. ही भांडणं प्रूफ आल्यावर झाली की दर दुरुस्तीत एक नवी चूक शिरते. माझ्या मते निमंत्रक आजी-आजोबा आणि आई-वडिलांवर थांबवावेत. एका काकांना घेतलंत की सगळ्या काकांना घ्यावं लागतं, आणि मग धाकटे काका कितव्या ओळीत हा प्रश्न लग्नानंतरही सुटत नाही. खालची 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' ही ओळ तेवढी ठेवा. हल्लीच्या मुलांना ती जुनाट वाटते, पण पत्रिकेतली तीच ओळ पोरं स्वतः वाचतात.

वधू-वरांची नावं आधार कार्डावर आहेत तशीच घाला. लग्नाची नोंदणी करताना लग्नपत्रिका मागतात, आणि नावात फरक दिसला की खुलासा करत बसावं लागतं. लाडकं नाव हवंच असेल तर कंसात.

तिथी मोबाईलवरून उचलू नका. बरीच ॲप उत्तरेकडच्या पद्धतीने महिना दाखवतात. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला, म्हणून वद्य पक्षात महिन्याचं नाव बदलतं. आपली महाशिवरात्र माघ वद्यातली, त्यांची फाल्गुन कृष्णातली. शकाचंही तसंच. इसवी सनातून ७८ वजा करायचे, पण गुढीपाडव्याआधीच्या लग्नाला ७९. फेब्रुवारी २०२६ मधलं लग्न शके १९४७ मधलं, १९४८ मधलं नव्हे. त्यातून २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, तेव्हा अधिक संपल्यावरच्या लग्नाला 'निज ज्येष्ठ' असं स्पष्ट लिहावं. आणि शके १९४८ च्या संवत्सराचं नाव काय, तर 'पराभव'! ते पत्रिकेवर छापायची काही गरज नाही, नुसता शक पुरे. गुरुजी आग्रही असतील तर त्यांना मंगलाष्टकं संपल्यावर समजवा.

आता डिझायनर. त्याची जुनी कामं बघताना मोर, तोरणं, पालख्या बाजूला ठेवा, अक्षर बघा. इंग्रजी पत्रिका सुरेख करणारे पुष्कळ आहेत, देवनागरीत हात बसलेले कमी. माझी परीक्षा सोपी आहे. एका ओळीत 'वऱ्हाडी, शुद्ध, ज्येष्ठ, द्वितीया, आशीर्वाद' हे शब्द त्याच्या आवडीच्या फॉन्टमध्ये लावून मागवायचे. वऱ्हाडीतला अर्धा र तुटून पाय मोडलेला दिसला, शुद्धचं 'शुध्द' झालं, आशीर्वादाचा रफार 'आर्शिवाद' असा आधीच्या अक्षरावर जाऊन बसला, तर नमस्कार करून पुढचं दार ठोठवावं. ल आणि श आपल्या वळणाचे आहेत की हिंदीच्या, तेही बघावं. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, भाषा मराठी निवडली की आपली येतात. मुक्ता आणि बालू हे फॉन्ट तर फुकट मिळतात, तेव्हा चांगला फॉन्ट परवडत नाही ही सबब चालायची नाही.

माणूस शोधायचा कुठे? तयार कार्डं घ्यायची तर मुंबईत गिरगावातला खाडिलकर रोड आणि पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या पेठा. स्वतंत्र डिझाइन हवं असेल तर उपयोजित कला शिकणारी मुलं विचारात घ्या. मुंबईत जे.जे., पुण्यात अभिनव. त्यांच्या प्रदर्शनांत सुलेखनाची कामं बघायला मिळतात, आणि हाताने काढलेली दोन नावं अख्ख्या पत्रिकेचं रूप बदलतात. बाकीचा मजकूर फॉन्टमध्येच असू द्या, हस्ताक्षरात हॉलचा पत्ता कुणाला लागत नाही. पैसे ठरवताना किती दुरुस्त्या दरात धरल्यात, आणि शेवटची फाइल तुम्हाला मिळणार का, हे लिहून घ्या.

मजकूर त्याला टाइप करून पाठवा, फोटो काढून नाही. तरीही छापखान्यात फॉन्ट जुना असेल तर तिथे तो पुन्हा टाइप होतो, आणि तुमचं तपासलेलं सगळं वाया जातं. म्हणून अंतिम प्रूफ छापखान्यातलंच मागा, कागदावर. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवत जायचं. वार आणि तारीख जुळते का, हे तिसऱ्याने कॅलेंडरवर बघायचं.

छपाईचं थोडक्यात. शे-दोनशे प्रती असतील तर डिजिटल, संख्या वाढली की ऑफसेट स्वस्त पडतं. सोनेरी फॉइल नावांपुरतं ठेवा. बारीक अक्षरांत फॉइल भरून जातं आणि अनुस्वार गायब होतात, मग 'चि. सौ. कां.' मधल्या कां.चा का. होतो. मरून कागदावर सोनेरी मजकूर तर ट्यूबलाइटखाली आजोबांना दाखवून मगच पसंत करा. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, तिथला कागद देखणा, पण तो शाई पितो, त्यावर स्क्रीन प्रिंटिंग बरं.

प्रती माणसांवर नाही, घरांवर मोजा. पाकिटं मात्र प्रतींपेक्षा बरीच जास्त घ्या. पत्ते लिहायला आत्या बसली की तिला निम्म्या नातेवाइकांचे जुनेच पत्ते पाठ असतात.